बिनमाणसांची गर्दी

"एक गाडी चार गाड्यांचं काम करील आणि रहदारी चाळीस टक्क्यांनी घटेल," हे वाक्य टक्केसाहेबांनी महिनाभर इतक्यांदा ऐकवलं होतं, की कचेरीतला शिपाई चहा ठेवता ठेवता ते पूर्ण करायचा. साहेब वाहतूक नियोजन खात्याचे उपप्रमुख. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं. पण कुठल्याही गोष्टीचे टक्के सांगायची खोड, त्यामुळे कचेरीने ते परस्पर बदलून टाकलं होतं.

कागदावर सगळं चोख होतं. आपली आपण चालणारी गाडी साहेबांना कचेरीत सोडणार, परत जाऊन बायकोला तिच्या शाळेत पोचवणार, मग आईला दवाखान्यात नेणार. दिवसभर फिरणाऱ्या गाडीला उभं राहायला जागा हवी कशाला? साहेबांनी कचेरीचं वाहनतळ उखडून तिथे हिरवळ लावून टाकली. उत्साही माणसाला आवरणार कोण! खात्यातल्या तीस जणांना महिन्याभरासाठी एकेक गाडी दिली, आणि आज अकरा वाजता समितीपुढे आराखडा मांडायचा होता. मंजूर झाला तर साहेब खातेप्रमुख. नाहीतर गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारून घेणाऱ्या विभागात बदली. त्या विभागातून आजवर कोणी परत आलेलं नव्हतं.

साडेनऊला साहेब फाईल काखेत मारून फाटकात आले, तर गाडीचा पत्ता नाही.

"गाडी कुठेय?"

"आईंनी पाठवलीय," बायको म्हणाली. "लिंबं आणायला."

"एकटीला?"

"मग काय, मी जाऊ तिच्याबरोबर?" आई आतून म्हणाली. "दोनच तर हवी होती. दुकानदार सीटवर ठेवतो, पट्टा बांधतो आणि पाठवून देतो. गुणी आहे हो तुझी गाडी."

"याआधी दोन लिंबांसाठी काय करायचीस?"

"शेजारणीकडे मागायची. नाहीतर लिंबावाचून अडतंय कुणाचं?"

साहेबांना शंका आली. "आई, काल कुठे पाठवली होतीस?"

"मावशीकडे. माझा नवा चष्मा बघायचा होता तिला. आवडला म्हणे. चिठ्ठी ठेवून परत पाठवला."

साहेबांनी घाईघाईने गाडीची महिन्याची नोंद उघडली. तीस घरांच्या नोंदी मागवणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या घरची नोंद आज पहिल्यांदा पाहिली! दोनशे बारा फेऱ्या, त्यांतल्या एकशे अडुसष्ट रिकाम्या. पण माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत. आमचं घर म्हणजे अपवाद, असं म्हणत त्यांनी आलेल्या लिंबांचा पट्टा सोडला आणि त्यांच्या जागी स्वतः बसले.

कचेरीच्या अलीकडच्या चौकात गाडी थांबली ती थांबलीच. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्या खात्याच्या हिरव्या पट्ट्याच्या, आणि आत कोणी नाही. साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज अकराला झाडून सगळ्यांनी हजर राहावं, असं परिपत्रक त्यांनीच काढलं होतं. एरवी निम्मे लोक दौऱ्यावर असत. आज एकूणएक जण वेळेवर आले, उतरले, आणि वाहनतळ नाही म्हणून गाडीला सांगून गेले, "पाच वाजेपर्यंत इथेच फिरत राहा." त्यातून गाड्या भलत्याच सभ्य. चौकात चार दिशांनी चार आल्या होत्या आणि आधी तू जा, आधी तू जा, करत उभ्या होत्या.

वाहतूक हवालदाराने साहेबांच्या काचेवर टकटक केली. "आत माणूस आहे वाटतं?"

"आहे. काय झालं?"

"तासभर शिट्ट्या फुंकतोय. ओरडायचं तर कुणावर ओरडू? तुम्ही सापडलात ते बरं झालं." आणि त्याने तासाभराचा सगळा राग त्यांच्यावर मनसोक्त काढला.

"अहो, पण यात मी काय करू शकतो?"

"काही नको. नुसतं ऐकून घ्या."

ऐकून घेऊन साहेब उतरले आणि चालत निघाले. हाडाचा नियोजक तो. पाय चालायला लागले तसं तोंड मोजायला लागलं. रिकामी, रिकामी, एकीत नुसती छत्री, रिकामी. शेवटच्या गाडीशी समितीच्या अध्यक्षबाई भेटल्या. त्यांची बस मागे अडकली होती, म्हणून त्याही चालत आल्या होत्या, आणि चांगल्याच घामाघूम झाल्या होत्या.

"कुणाच्या हो या गाड्या?"

माहीत नाही, असं म्हणायला साहेबांना कुणाची बंदी नव्हती. जिभेवर आलंही होतं. पांढरे पट्टे डोळ्यांपुढे नाचत होते. पण मोजलेला आकडा गिळायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"आमच्या खात्याच्या. एकूण तीस."

"आणि आत माणसं?"

"शून्य टक्के, बाई."

बैठक दहा मिनिटांत उरकली. "आराखडा नामंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण स्वतःच्याच आराखड्याविरुद्ध आकडा सांगणारा माणूस या खात्यात मी पहिल्यांदा पाहिला. प्रमुख तुम्हीच. शिवाय गोंधळ ज्याने घातला, त्यानेच निस्तरलेला बरा."

खातेप्रमुखांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहिला हुकूम काढला: आजपासून एकही रिकामी गाडी रस्त्यावर दिसता कामा नये, सगळ्या घरी पाठवून तिथेच उभ्या कराव्यात. दोन वाजता रस्ता मोकळा झाला. घरी फोन करून साहेबांनी बढतीची बातमी दिली, आणि संध्याकाळी छाती पुढे काढून पायीच घरी आले.

"हे काय, चालत?" बायको दारातच म्हणाली.

"चालत. खातेप्रमुखानेच धडा घालून द्यायला हवा. आपली गाडी उभी आहे ना घरी?"

"उभी होती हो. पण आई म्हणाल्या, आज एवढा मोठा साहेब झाला, तो पायी कसा येणार? तासाभरापूर्वीच तुम्हाला आणायला पाठवलीय."

साहेब पायरीवर बसले. हुकूम निघून सहा तास झाले होते, आणि तो मोडून शहरात एकच रिकामी गाडी फिरत होती.