साळवेभाऊंचा कान

साळवेभाऊ कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी कान लावतात. गॅसचा सिलिंडर आला, आधी कान. पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप, सगळ्यांना कान. त्यासाठी हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर बाळगलाय त्यांनी. टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. चारकोपला आमची बैठी घरं, त्यांच्या आणि माझ्या घरात भिंत एकच. एकदा मी मसाला वाटत होते तर भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, तुमच्या मिक्सरचं काही खरं नाही!"

मी म्हटलं, "अहो भाऊ, कालच तर नवा आणलाय."

"मग पहिल्या दिवसापासूनच खराब दिलाय."

यात त्यांचा दोष नाही, नोकरीचा आहे. सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात काढली, तीही क्लेमच्या टेबलावर. कोण जिन्यावरून पडलं, कोणी ओल्या हाताने बटण दाबलं, कोणाच्या डोक्यात नारळ पडला, हेच दिवसभर वाचायचं आणि वर शिक्का मारायचा. तुम्हाआम्हाला आपल्या एका मरणाची भीती असते. यांना कपाटभर मरणांची. त्यामुळे बोलणं सुरू होतं तेच मुळी "नुसतं समजा हां, ताई" असं. "नुसतं समजा, हा पंखा खाली आला." "नुसतं समजा, काटा घशात आडवा गेला." हे शेवटचं मला, कोळणीला! जन्मभर कांदिवलीच्या बाजारात मासळी विकली मी, अक्षरं शिकले तीही मासळी बांधायच्या रद्दीवरून. पण खरं सांगते, त्या दिवशी बोंबील खाताना मी दोनदा पाणी प्यायले. भीती लागते हो, सर्दीसारखी.

घरात ते आणि त्यांची मुलगी प्रज्ञा. पोरगी गुणी, दुसऱ्यांचे खांदे-गुडघे चोळून सरळ करायचं शिक्षण घेतलेली, दवाखान्यात काम करते. तिची आई, सुमनवहिनी, गेल्यावर बापाचं सगळं तीच बघते. बाप भित्रा आणि लेक अशी, की रविवार आला की डोंगरातली सायकल काढायची आणि आरेच्या, नाहीतर बोरिवलीच्या जंगलातल्या कच्च्या वाटा तुडवायच्या. सायकल जुनी, कोणाची तरी वापरलेली घेतलेली. टायर माझ्या मनगटाएवढे जाड.

मी एकदा भाऊंना विचारलं, "बिबट्याची भीती नाही वाटत?"

"बिबट्या दिसतो ताई," ते म्हणाले. "सायकलच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही."

तर त्या पोटातून आवाज यायला लागला. कट... कट... पायडल खाली गेलं की कट. प्रज्ञा गल्लीच्या तोंडाशी वळली की आम्हाला इथे ऐकू यायचं. भाऊंनी सायकल अंगणात उलटी केली, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बीबी."

मला वाटलं कोणाची बायको. नाही. दोन्ही पायडलांमधून एक दांडी आरपार जाते, ती ज्या नळीत फिरते तिथे आत छर्रे असतात, दोन्ही बाजूंनी आटे पाडलेल्या वाट्या बसवलेल्या असतात. त्या सगळ्या संसाराला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, दुकानात नुसतं बीबी. माणसाचं सगळं वजन तिथे येतं. "नुसतं समजा," भाऊ म्हणाले, "उतारावर ती दांडी..." पुढचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ते साकीनाक्याला जाऊन दात्यांचा एक खास पाना घेऊन आले. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, म्हणजे अर्धा बघितला. मध्येच जाहिरात आली तेव्हा त्यांनी बंद केला. आणि दर शनिवारी, प्रज्ञा दवाखान्यात गेली की पायडलं सोडवून दोन्ही बाजूंच्या वाट्या आवळायचा कार्यक्रम सुरू झाला. नळ बंद करतो तशा, उजवीकडे, उजवीकडे.

"ताई, डावी घट्ट असते. पण उजवी बघा, दर आठवड्याला ढिली मिळते! मागच्यापेक्षा जास्त ढिली! बरं झालं मी बघतोय. कोणी बघितलं नसतं तर?"

मला बाई फार कौतुक वाटायचं. तेवढीच धडकीही भरायची. प्रज्ञाला सांगितलं तर ती हसायची. "मावशी, त्यांना काहीतरी हातात पाहिजे ना. करू दे." ती कुठे बघायला बसली होती, ते कुठल्या दिशेने करतायत!

एका रविवारी ती दुपार झाली तरी आली नाही. आली ती पायी, सायकल ढकलत, कोपर सोललेलं, पॅन्टला माती. आरेच्या उतारावर पायडल डुगडुगायला लागलं, चेन उडाली, ती बाजूच्या गवतात पडली. भाऊ दारात उभे.

"काही नाही झालेलं पप्पा, खरचटलंय," ती ओट्यावर बसली. "पण वाटेतला सायकलवाला म्हणतो, उजवी वाटी अर्धी बाहेर आलेली. कोणीतरी हाताने काढल्यासारखी."

"मी तर दर शनिवारी आवळतोय."

"कुठल्या बाजूला फिरवता?"

त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. उजवीकडे, उजवीकडे.

प्रज्ञाने कपाळाला हात लावला आणि मग तिला हसूच आवरेना. "पप्पा! उजव्या बाजूचे आटे उलटे असतात! तुम्ही आवळत नव्हता, तुम्ही दर शनिवारी खोलत होता!"

ती हसत होती, मीही हसले, नाही कशाला म्हणू. पण भाऊंकडे बघितलं आणि हसायची थांबले. माणूस पांढरा पडला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघाताचं कारण शोधलं आणि आज कारणाच्या रकान्यात स्वतःच. त्या दिवशी जेवले नाहीत. पाना माझ्याकडे आणून दिला. "ताई, हा तुमच्याकडे ठेवा. मागितला तरी देऊ नका."

नवी बीबी घ्यायलाच हवी होती. जुनीचे छर्रे खाल्ले गेले होते. प्रज्ञा दहा मिनिटांत घेऊन आली असती. पण बापाकडे बघून म्हणाली, "तुम्हीच निवडा, पप्पा. तुम्ही आणाल तीच बसवू."

मग काय, घरात लग्न ठरवत असल्यासारखं सुरू झालं. एक स्थळ सुट्या छर्‍यांचं, स्वस्त, उघडून ग्रीस भरता येतं, पण पावसाचं पाणी आत शिरतं. एक अगदी हलकं, वाट्या नळीच्या बाहेर, शर्यतवाल्यांच्या सायकलला असतं तसं. महाग, आणि त्यासाठी पायडलाचे दांडेही बदलायला हवेत. आणि एक मधलं, सीलबंद डबीसारखं. आत चिखल नाही, पाणी नाही, झिजलं की अख्खं काढायचं आणि दुसरं घालायचं. भाऊंनी नळीची रुंदी मोजली, सुमनवहिनींच्या शिवणाच्या टेपने. दुकानदार म्हणाला असल्या टेपने ब्लाउज होतो काका, बीबी नाही, सायकल घेऊन या. सायकल घेऊन गेले. एकदा नाही, रोज. वाटेत माझ्याकडे थांबायचे.

"ताई, तुम्ही पापलेट ताजं कसं ओळखता?"

"कल्ला उघडून बघते. लाल पाहिजे."

मला काय माहीत हा माणूस ते मनावर घेईल. दुसऱ्या दिवशी मलाच घेऊन गेले दुकानात. दुकानदाराने सीलबंद डबी हातात दिली, भाऊंनी ती फिरवली, हुंगली, कानाशी धरली आणि म्हणाले, "उघडून दाखवा."

"काका, सीलबंद आहे. उघडली तर सील कसलं?"

"आत छर्रे कसे आहेत ते बघितल्याशिवाय घ्यायची? या ताई मासासुद्धा उघडून देतात."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

शेवटी मधलंच स्थळ पसंत पडलं. त्यातही एक डबी हातात आली तिची डावी वाटी प्लास्टिकची होती. ती भाऊंनी झुरळ झटकावं तशी परत केली. दोन्ही वाट्या लोखंडी पाहिजेत. थोडे पैसे जास्त गेले, पण दुकानदार म्हणाला टिकेल, पावसाळे काढेल. बसवताना भाऊ पाठीमागे हात बांधून उभे होते. उजवी वाटी डावीकडे फिरताना बघून ओठ हलले त्यांचे. मग स्क्रू ड्रायव्हर लावला. बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

घरी आल्यावर मी खुर्चीतून उठताना गुडघा वाजला, तर लगेच, "ताई, तुमचे छर्रे गेले. सीलबंद बघू या."

पुढच्या रविवारी प्रज्ञा नव्या बीबीवर गेली. संध्याकाळ झाली. मी दिवा लावून अंगणात आले तर भाऊ गेटला धरून उभे. साधे उभे नाहीत, मान गल्लीकडे वळलेली, आणि कान... कान असा ताणलेला, की मलाही वाटलं आता काहीतरी वाईट ऐकू येणार. रिक्षा गेली. कुकरची शिट्टी झाली कुणाकडे. बाकी काही नाही.

"फोन केलात?"

"लागत नाही. जंगलात रेंज नसते." मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, तो कट-कट आवाज यायचा ना, तेव्हा मला वळणावरच कळायचं, आली. मग मी भात लावायचो. आता वळणावर आली तरी मला कळणार कसं?"

मी म्हटलं, "अहो, आवाज जावा म्हणून तर एवढं केलंत."

"हो ना." ते गेटची कडी उगाच खालीवर करत राहिले. "सुमन गेली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. पेपर वाचत होतो. एकदा विचारलं पण, चहा ठेवू का म्हणून. ती बोलली नाही, मला वाटलं झोप लागली. काही वाजलं नाही ताई. काहीच आवाज नाही झाला."

एवढी वर्षं एका भिंतीला राहिले, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. आता मलाही ती शांतता नको झाली. अंधार पडत आला आणि एकदम आमच्या अगदी पुढ्यात, कुठूनच न आल्यासारखी, सायकल.

"पप्पा! असे काय उभे? मावशी, काय झालं?"

"काही नाही," भाऊ म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी भात उशिरा झाला.

माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा नळावर भेटली तेव्हा सगळं सांगून टाकलं. बादली भरून वाहत होती, तरी नळ बंद केला नाही तिने.

त्यानंतरच्या रविवारी दिवेलागणीला मी कोलंबी सोलत होते. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. फर्रर्र... फर्रर्र... मला वाटलं, गेली ती बीबी, वाट लागली. हात तसेच घेऊन बाहेर धावले. प्रज्ञा वळण घेऊन येत होती, आणि मागच्या चाकाला पुठ्ठ्याचा तुकडा, कपड्याच्या चिमट्याने लावलेला, तारांवर आपटून गल्लीभर वाजत होता. लहान पोरं लावतात ना, मोटरसायकल म्हणून, तसा. तिशीची बाई ही!

भाऊ गेटाशी आलेच होते. "हा काय पोरकटपणा? चाकात पुठ्ठा? नुसतं समजा..."

प्रज्ञा सायकल थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. ते वाकले, चिमटा नीट बसलाय का ते बोटाने हलवून बघितलं. कान नाही लावला.

"दुसरा चिमटा पण लाव," ते म्हणाले. "एक ढिला होईल."

आणि आत गेले. मी कोलंबीकडे परतले तेव्हा भिंतीपलीकडे तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता.