दहा बोल्ट आणि दहा मानकरी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची मिळून एकच मोटार होती. जुनी होती, पण आजाऱ्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यात तीच न्यायची.

एकदा तिच्या इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं ठेवणारा पातळ पत्रा, जळलं. सोनाक्का घोरपडीने नवं बसवलं, त्यावर हेड ठेवलं. हेड म्हणजे इंजिनाचं जड झाकण. आता दहा बोल्ट आवळले की झालं.

तेवढ्यात सिंहमहाराज दरबारासकट आले.

"बोल्ट दहा, आम्हाला धरून मानकरीही दहा. प्रत्येकाच्या हस्ते एकेक होऊ द्या!"

मानकरी मोटारीभोवती उभे राहिले. महाराज पुढच्या कोपऱ्यावर.

सोनाक्का म्हणाली, "महाराज, सुरुवात मधल्या बोल्टपासून करतात. मग बाहेर बाहेर जायचं. तेही थोडं थोडं, तीन फेऱ्यांत, ह्या जोर मोजणाऱ्या पान्याने. सगळे सारखे बसले नाहीत तर हेड वाकडं होतं."

"मधे ससा उभा आहे!" लांडगे प्रधान ओरडले. "महाराजांच्या आधी ससा?"

ससा घाबरून खाली बसला.

मग मानाप्रमाणे काम सुरू झालं. महाराजांनी कोपऱ्यातला बोल्ट एका दमात गच्च केला. हत्तीने असा पीळ दिला की बोल्टचं डोकंच सोंडेत आलं. टाळ्या पडल्या. सशाने आपल्या बोल्टला नुसता नमस्कार केला.

"सगळे सैल करून पुन्हा आवळू द्या," सोनाक्का काकुळतीला आली. "हरणी अडली आहे. तिला आत्ताच न्यायचंय."

"महाराजांनी आवळलेलं सैल करणार?" प्रधानांनी हळूच विचारलं.

सोनाक्काने हरणीला मागे बसवलं आणि मोटार काढली.

घाटातल्या दुसऱ्याच वळणावर पांढरी वाफ उसळली. तेलात पाणी शिरलं. मोटार बसली ती बसलीच.

उरलेला घाट दोघी पायी चढल्या. हरणी चार पावलं टाकायची, थांबायची. सोनाक्का पुढे होऊन काटे बाजूला सारायची आणि कशाबद्दलही बोलत राहायची. दवाखान्याच्या पायरीवरच पाडस झालं. धडधाकट. सोनाक्का तिथेच बसून रडली.

परत आल्यावर चौकशी झाली.

"मोटार आवळताना बिघडली की चालवताना?" प्रधानांनी विचारलं.

"चालवताना, पण..."

"झालं तर मग!"

सोनाक्काचा पाना जप्त झाला. तिच्या जागी प्रधानांचा भाचा आला. पाना त्याने उलटा धरला होता, पण फार अदबीने.

तात्पर्य: इंजिनाचा मध्य मोजून काढू नये. महाराज जिथे उभे असतील, तिथेच तो असतो.