सतरा नंबरचा टॅब

पत्र आलं तेव्हा हेडसर टॅब पुसत होते. दर सोमवारी दुपारी ते स्वतःच्या हाताने स्टीलचं कपाट उघडत, तीसच्या तीस टॅब मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा कुलूपबंद करत. टॅब येऊन सात महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांच्यावर साधा ओरखडाही उमटला नव्हता, कारण एकाही मुलाचं बोट त्यांना लागलं नव्हतं. "फुटला तर जबाबदार कोण?" असं हेडसर विज्ञानाच्या सरांना विचारायचे.

विज्ञानाचे सर म्हणजे शाळेचे तंत्रज्ञान-प्रमुख. कधीतरी त्यांनी बिघडलेली घंटा दुरुस्त केली होती, तेवढ्या गुन्ह्यावर हे पद त्यांच्या गळ्यात पडलं होतं. ज्या सातवीसाठी टॅब आले, तिचे वर्गशिक्षकही तेच. 'पुढच्या आठवड्यात नक्की हं,' असं ते मुलांना सात महिने सांगत आले होते. सुरुवातीला मुलं रोज विचारायची, मग आठवड्यातून एकदा. आता विचारेनाशीच झाली होती, आणि सरांना तेच जास्त लागत होतं. वरच्या कार्यालयात मात्र दर शनिवारी त्यांच्याच सहीने अहवाल जात होता: 'वापर समाधानकारक.'

"अहो सर, जरा बसा," हेडसर म्हणाले. ते बसायला सांगतात म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

पत्र छोटंसंच होतं. टॅबचा वापर किती झाला, हे यापुढे टॅबच परस्पर कार्यालयाला कळवणार होते. ज्या वर्गात प्रत्येक टॅब निदान सहा तास वापरला गेला नसेल, तिथले टॅब काढून गरजू शाळेला देण्यात येतील. पाहणीसाठी अधिकारी उद्या दुपारी चार वाजता येतील.

"आपले किती तास झालेत?" हेडसरांनी विचारलं.

"शून्य."

"सगळे मिळून हो!"

"शून्याला तिसांनी गुणलं तरी शून्यच येतं, सर."

हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. "सहा तास म्हटलंय. कधी वापरले पाहिजेत, कुणी वापरले पाहिजेत, असं कुठं म्हटलंय?"

परीक्षा संपून मुलांना आठवडाभर सुट्टी होती. त्यामुळे मंगळवारी सकाळी नऊच्या ठोक्याला शिक्षक-खोलीत चारच माणसं जमली: हेडसर, विज्ञानाचे सर, पेपर तपासायला म्हणून आलेल्या गणिताच्या बाई आणि शिपाईमामा. टेबलावर तीस टॅब मांडलेले, प्रत्येक टॅब सातवीतल्या एकेका मुलाच्या नावाचा. नऊ ते तीन, सहा तास. वर एक तास हाताशी. हिशेब चोख होता.

टॅब सुरू झाले आणि पहिल्या तीनच मिनिटांत घोडं पेंड खाऊ लागलं. टॅबला नुसतं चालू राहणं मंजूर नव्हतं. दर तीन मिनिटांनी तो तीन पर्याय देऊन एक प्रश्न विचारी, आणि उत्तर मिळालं नाही तर घड्याळ थांबवून टाकी. मग चौघांनी टॅब वाटून घेतले. बाईंकडे आठ, मामांकडे आठ, सरांकडे आठ, हेडसरांकडे सहा. शिक्षक-खोलीत एकच पळापळ सुरू झाली. एका टोकाचं उत्तर देऊन यावं, तोवर दुसऱ्या टोकाचा टॅब थांबलेला. सरांनी सकाळचा चहा तोंडाला लावला तो थेट बारा वाजता, आणि तोही मामांचा निघाला.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गणिताच्या बाई फडाफड बरोबर उत्तरं देत होत्या, त्यामुळे त्यांच्या ताब्यातली आठ मुलं तासाभरात नववीच्या पातळीला जाऊन पोचली. मामांनी आधीच ठरवून टाकलं होतं, "मी आपला दुसऱ्या नंबरचं उत्तर दाबणार, सगळीकडे." मधल्यामधे राहणं बरं, असं त्यांचं आयुष्याबद्दलचंच मत होतं. त्यांची मुलं चौथीच्या आसपास घुटमळत होती.

खरी पंचाईत हेडसरांची झाली. सतरा नंबरच्या टॅबने त्यांना अपूर्णांकांची बेरीज विचारली. त्यांनी उत्तर दिलं. टॅबवर अक्षरं उमटली: 'पुन्हा प्रयत्न कर, बाळा.'

"बाळा?" हेडसर म्हणाले. "एकोणतीस वर्षं इतिहास शिकवलाय मी!"

"सर, सोडा ना, पुढचा टॅब बघा," विज्ञानाचे सर म्हणाले.

"थांबा हो! याला दाखवतोच."

उरलेले पाच टॅब वाऱ्यावर सोडून हेडसर सतरा नंबरशी भिडले. ते चुकले की टॅब एक पायरी खाली उतरून सोपं गणित देई, आणि हेडसर आणखी चिडून आणखी चुकत. बारा वाजेपर्यंत सातवीतून सहावीत, सहावीतून पाचवीत, मग चौथीत अशी त्यांची घसरण झाली. त्यांचे पाच टॅब सांभाळता सांभाळता सरांच्या नाकी नऊ आले. मधूनच त्यांच्या मनात येई, आपण हे टॅब वाचवतोय खरे, पण कुणासाठी? मग कुठलातरी टॅब थांबायच्या बेतात येई आणि विचार तिथंच राही.

एक वाजता दारावर थाप पडली. एकदा, दोनदा, मग जोरजोरात.

मामांनी दार किलकिलं केलं. बाहेर शाळेसमोरच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताई उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप तशीच. शेजारी त्यांची मुलगी, सातवीतली पहिली, डोळे रडून लाल झालेली. मागच्या चाचणीत अर्धा गुण गेला म्हणून दोन दिवस न जेवलेली ती हीच.

"हे काय आहे, सर?" ताईंनी फोन पुढे धरला. "'आपली मुलगी सकाळी नऊपासून शाळेत अभ्यास करत आहे. तिची गणिताची पातळी सातवीवरून दुसरीवर आली आहे.' अहो, सकाळपासून ही माझ्यासमोर बसून बटणं लावतेय! शाळेत बसून मग कोण नापास होतंय?"

सरांनी वळून पाहिलं. हेडसर दुसरीत पोचले होते.

टॅब पालकांनाही संदेश पाठवतो, हे तंत्रज्ञान-प्रमुखांना माहीत असायला हवं होतं. पण ते कळायला टॅब आधी कुणीतरी वापरायला हवा होता ना! दहा मिनिटांत फाटकाशी गर्दी जमली. एका वडिलांना संदेश आला तेव्हा त्यांचा अभ्यासू मुलगा त्यांच्याच शेजारी घोरत होता. एका आईचा मुलगा अचानक नववीत गेला होता आणि त्या साशंक चेहऱ्याने पेढे वाटावेत की मुलाला डॉक्टरकडे न्यावं, हे विचारायला आल्या होत्या. बहुतेकांनी पुरावा म्हणून मुलांना सोबतच आणलं होतं.

"आता काय सांगायचं यांना?" हेडसर दाराआड कुजबुजले. "सर, तुम्ही प्रमुख आहात."

"मी काय सांगू? तुमचं पोर म्हणून आम्हीच बसलोय, असं?"

गणिताच्या बाईंनी हातातला टॅब खाली ठेवला. "अहो, मुलं आलीच आहेत तर त्यांनाच बसवा की! टॅब त्यांचेच आहेत."

सात महिन्यांत ही कल्पना कुणालाही सुचली नव्हती.

उरलेल्या मुलांनाही निरोप गेले आणि दोन वाजेपर्यंत सातवीचा वर्ग भरला. विज्ञानाच्या सरांनी टॅब वाटले. घ्यायच्या आधी मुलांनी आपापले हात कपड्यांना पुसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुसले. सरांना इतकी लाज वाटली की ते थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मग मात्र वर्गात नुसता कल्ला झाला. "सर, माझ्या नावावर कुणी सगळीकडे दुसरंच उत्तर दिलंय!" "सर, मी नववीत आहे, मला काही कळत नाहीये!" मुलं इरेला पेटली. कुणी वर चढत होतं, कुणी खाली उतरून आपल्या जागी येत होतं. एकमेकांना विचारत होती, भांडत होती, बाकांवर गुडघे टेकून ओरडत होती. पावणेचार वाजता सहा तास भरले, पण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. शिवणकामवाल्या ताईंची मुलगी सतरा नंबर घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि हेडसरांनी करून ठेवलेलं दुसरीपासूनचं नुकसान एकेक पायरीने भरून काढत होती.

चारच्या ठोक्याला अधिकारी आले. सुट्टीच्या दिवशी भरलेला वर्ग पाहून ते दारातच थबकले.

"वा! हे मी आजवर कुठेच पाहिलं नाही," ते म्हणाले. हेडसरांची छाती फुगली. अधिकाऱ्यांनी आपला टॅब काढून आकडे पाहिले. "सहा तास पूर्ण. आणि तीसपैकी एकोणतीस मुलं सातवीच्या पातळीवर किंवा वर! फारच छान. म्हणजे उरलेलं एक मूल पातळीवर आलं की वर्ग 'संपूर्ण' झाला. उद्या सकाळी गाडी पाठवतो."

"गाडी कशाला?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"टॅब न्यायला. संपूर्ण झालेल्या वर्गाचे टॅब पुढच्या शाळेला देतो आम्ही."

"पण न वापरणाऱ्यांचेही तुम्ही नेता ना!"

"नेतो की. ते वापरत नाहीत म्हणून. आणि तुमचं काम झालं म्हणून."

"मग शाळेत राहतात कुणाचे?"

"ज्यांचं शेवटचं मूल अजून मागे आहे, त्यांचे. शेवटचं मूल पातळीवर येईपर्यंत तिथले टॅब हलवायचे नाहीत, असा नियमच आहे." अधिकाऱ्यांनी वर्गावरून नजर फिरवली. "कोण आहे सतरा नंबर?"

मुलगी उभी राहिली. विज्ञानाचे सर तिच्या बाकापाशी गेले. ती सातवीच्या उंबरठ्यावर आली होती, एकच प्रश्न उरला होता. आयताची लांबी बारा, रुंदी पाच. क्षेत्रफळ किती? तिला हे झोपेतही आलं असतं. सरांना काहीतरी बोलायचं होतं. पण पहिल्या नंबरासाठी जीव टाकणाऱ्या पोरीला, सगळ्यांदेखत, चूक असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मुलीने टॅबकडे पाहिलं, मग वर्गाकडे. एकोणतीस मुलांनी आपापले टॅब छातीशी धरले होते. तिचं बोट साठावर गेलं आणि तिथं थांबलं. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि चौतीस दाबलं.

'पुन्हा प्रयत्न कर, बाळा.'

"अरेरे," अधिकारी म्हणाले. "काही हरकत नाही. सावकाश चालू द्या. वर्ष लागलं तरी चालेल." त्यांनी वहीत नोंद केली, हेडसरांशी हात मिळवला आणि ते निघून गेले.

अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणी हललं नाही. मग वर्गाने असा काही गलका केला की मामांना वाटलं, छप्पर खाली आलं. हेडसर घाईघाईने सतरा नंबरपाशी आले, वाकून पडद्यावर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "क्षेत्रफळ चौतीसच ना? मग चूक का दाखवतंय?"

मुलीने बाहीने डोळे पुसले. जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकली होती ती, आणि तिला ते खरोखर फार लागलं होतं. तिने सरांच्या शर्टाची बाही ओढली.

"सर," तिने विचारलं, "रोज किती चुकायचं?"