अडचण क्रमांक चार

स्कार्नथॉर्प कॉलेजात माध्यम अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सप्टेंबर ते फेब्रुवारी या मुदतीत एक लघुभयपट काढून प्रेक्षकांना घाबरवायचे असते. ज्याला कुणालाच घाबरवायचे नसेल त्याला भूगोल घेता येतो. भयपट चार मिनिटांचा असावा, प्रसिद्धीसाठी त्याचे एक पोस्टर असावे, आणि या सगळ्यातून आपण काय शिकलो याचे आत्मपरीक्षण असावे. शंभर गुणांपैकी भयपटाला तीस, पोस्टरला वीस आणि आत्मपरीक्षणाला पन्नास. परीक्षा मंडळाचे म्हणणे असे की, सिनेमा काय, कुणीही काढतो.

ब्रायनी हॅकेट या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र खरोखरच सिनेमा काढायचा होता. नॉर्विचच्या एका विद्यापीठाने तिला चित्रपट शिकायला जागा देऊ केली होती, माध्यम अभ्यासात 'ए' श्रेणी मिळाली तरच. ते पत्र तिच्या आईने फ्रिजच्या दारावर लावले होते. आईचे समुद्रकाठच्या रस्त्यावर केशकर्तनालय होते आणि डोके धुवायला वाकलेल्या प्रत्येक बाईला, तिला मान हलवता येत नाही हे पाहून, ती पत्रातला मजकूर तोंडपाठ ऐकवत असे. त्यामुळे 'ए' मिळाली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

चित्रीकरणाआधी जोखमीचा तक्ता भरून द्यावा लागतो. वायरीत पाय अडकण्याची जोखीम, पावसात कॅमेरा भिजण्याची जोखीम, असे करत करत शेवटचा रकाना येतो: 'प्रेक्षक घाबरण्याची शक्यता, आणि ती कमी करण्यासाठी केलेली उपाययोजना.' ब्रायनीने तिथे लिहिले, 'उपाययोजना नाही. तोच हेतू आहे.' तक्ता परत आला.

"रकाना असा सोडता येत नाही," मिस्टर लॅथम म्हणाले. हे तिचे शिक्षक. स्वभावाने भले गृहस्थ, पण एकोणीस वर्षे तक्ते तपासून त्यांचे खांदे उतरले होते.

"पण सर, उपाय केला तर सिनेमाच राहत नाही."

"म्हणून सगळे 'दिवे चालू ठेवू' असं लिहितात. तूही लिही."

तिने लिहिले आणि परवानगी मिळाली.

सिनेमात कामाला तिने शेजारच्या मिसेस ऑल्डरटनना घेतले. वय एक्याऐंशी. तीस वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण वाढले होते, त्यामुळे गावातला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर अजूनही ताटातला कोबी संपवत असे. गोष्ट साधी होती. एक मुलगी केकचा डबा परत करायला शेजारच्या आजीबाईंकडे जाते. आजीबाई चहा करतात. दोघीच आहेत, पण टेबलावर कप तीन मांडतात. मग चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घातलेली लोकरीची टोपी काढून मुलीला विचारतात, "साखर किती, पोरी?" आणि तिचे उत्तर ऐकून घेतल्यावर, तिच्या खांद्यावरून मागे बघत, त्याच प्रेमळ आवाजात विचारतात, "आणि तुम्हाला?"

एका रविवारी दुपारी सगळे आटोपले. आवाज स्वच्छ आला, उजेड हवा तसा पडला, मिसेस ऑल्डरटन एक शब्द चुकल्या नाहीत. त्यांचे मांजरसुद्धा सांगितले तिथे बसून राहिले.

सोमवारी वर्गात सिनेमा दाखवला. डेक्लन पर्डी नावाचा रग्बी खेळणारा आडदांड मुलगा अर्ध्यातच पडद्याकडे पाठ करून बसला. दोन मुली उठून बाहेर गेल्या आणि परत येताना भिंतीला धरून आल्या. संपल्यावर मिस्टर लॅथमनी दिवा लावला. दिवा आधीच चालू होता, तो विझला. तो पुन्हा लावून ते म्हणाले, "फारच छान आहे हे, ब्रायनी." मग त्यांचा चेहरा उतरला. "अडचणी काय काय आल्या?"

"काही नाही, सर."

"एकही नाही?"

"मांजराची भीती होती. पण तेही शहाण्यासारखं बसलं."

मिस्टर लॅथमनी खणातून गुणदानाचा तक्ता काढला आणि डॉक्टर जसा क्ष-किरणाचा फोटो दाखवतो तसा तिच्यासमोर धरला. अडचण आली, ओळखली, तिच्यावर मात केली आणि त्यातून शिकले, तर एक्केचाळीस ते पन्नास गुण. अडचण आली पण मात करता आली नाही, तर एकवीस ते चाळीस. अडचण आली नाही, तर शून्य ते पाच.

"म्हणजे मला सिनेमा नीट जमला म्हणून शून्य?"

"शून्य नाही गं, पाचपर्यंत देता येतात," ते म्हणाले. "तू काही शिकली असल्याचा पुरावाच नाही. मंडळाला वाटेल, तुला आधीच येत होतं."

डेक्लनचे काम या दृष्टीने आदर्श होते. त्याने हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या लॉन बोलिंगच्या मैदानामागच्या झाडीत एका खुन्याचा सिनेमा काढला होता. खुन्याच्या मुखवट्याचे इलॅस्टिक तुटले, प्रेत शिंकले, आणि ऐन खुनाच्या वेळी कुत्रा फिरवायला निघालेले एक जोडपे मधून जाताना खुनी आणि प्रेत या दोघांनाही 'गुड मॉर्निंग' म्हणून गेले. दोघांनीही उत्तर दिले. वर्ग हसून हसून लोळला. डेक्लनच्या नावावर एकतीस अडचणी जमा होत्या, आणि कॉलेजात इतके सकस आत्मपरीक्षण आजवर झाले नाही, असे मिस्टर लॅथम म्हणत.

"तू उगाच चांगला काढलास," डेक्लन तिला म्हणाला. "आता भोग."

पोस्टरपासून सुरुवात करावी असे ठरले. ब्रायनीने तीन कपांचे चित्र काढून आणले. मिस्टर लॅथमनी ते बराच वेळ पाहिले आणि रक्त कुठे आहे असे विचारले. पोस्टर भयपटाच्या रूढ संकेतांना धरून हवे, आणि संकेत कोणते हे प्रेक्षकांना विचारूनच ठरवायला हवे, असा नियम आहे. म्हणून तिने गावातल्या पंचवीस जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. 'भयपटाच्या पोस्टरवर आपल्याला काय अपेक्षित आहे? अ) रक्त. ब) सुरा. क) किंचाळणारी मुलगी. ड) वरील सर्व.' चोवीस जणांनी 'ड'वर खूण केली. मिसेस ऑल्डरटननी एकाही पर्यायावर खूण न करता खाली आपल्या सुबक अक्षरात लिहिले, 'माझं नाव.'

पोस्टरवर वरील सर्व आले. वीसपैकी एकोणीस गुणांचे काम आहे असे मिस्टर लॅथम म्हणाले. फक्त पोस्टर आणि सिनेमा यांत सुसंगती हवी, नाहीतर गुण कापले जातात. पोस्टरवर सुरा आहे आणि सिनेमात चहा, हे कसे चालेल? पोस्टर तर मंजूर झालेले. तेव्हा आधी कळस मग पाया या न्यायाने सिनेमा नव्याने काढायचे ठरले.

दुसऱ्या सिनेमात सुरा होता. पुठ्ठ्याचाच, पण त्यासाठी जोखमीचा नवा तक्ता भरावा लागला. आता अडचणी हव्या होत्या, म्हणून ब्रायनीने वारा सुटलेला दिवस मुद्दाम निवडला. तर वाऱ्याचा आवाजच इतका भेसूर आला की दृश्य उठून दिसले. बॅटरी अर्धीच भरून नेली, तर तिने नेमके हवे ते टिपून झाल्यावर जीव सोडला. अंगातली कला काही केल्या जाईना. आई दर संध्याकाळी विचारत होती, "अजून काही बिघडलं की नाही गं?" आणि मुलीचा पडलेला चेहरा पाहून मुकाट्याने बटाटे सोलत होती. शेवटी ब्रायनीने कॅमेरा डेक्लनच्या हाती दिला आणि सगळ्या चिंता मिटल्या. चार मिनिटांच्या सिनेमात दहा अडचणी निघाल्या.

मग ती आत्मपरीक्षणाला बसली. पहिला प्रयत्न फसला, दुसरा सुधारला, अशी चढती कमान दाखवायची असते. तिने पहिल्या सिनेमाबद्दल लिहिले: 'प्रदर्शन चालू असताना दोन प्रेक्षक खोली सोडून गेले. एका प्रेक्षकाने पडद्याकडे पाठ केली. शिक्षकांनी ताबडतोब दिवा लावण्याचा प्रयत्न केला.' यातले एक अक्षरही खोटे नव्हते. वाचून पाहिल्यावर तिलाही वाटू लागले की पहिल्या प्रयत्नात बरेच काही चुकले असावे.

लेखी आत्मपरीक्षणाबरोबर स्वतःच्या आवाजातले चित्रितही द्यावे लागते. तिचे अडतीस मिनिटांचे झाले. सिनेमा चार मिनिटांचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. ते कॉलेजच्या संगणकावर चढवताना तिला दिलेली जागा संपली. चित्रीकरण घरी न्यायला गोपनीयतेच्या धोरणाने बंदी होती, म्हणजे जे काही होते ते तिथेच होते.

"काहीतरी पुसावं लागेल," मिस्टर लॅथम म्हणाले.

"दुसरा सिनेमा पुसू?"

"त्याला तीस गुण आहेत."

"मग आत्मपरीक्षण थोडं कापते."

मिस्टर लॅथमनी तिच्याकडे असे पाहिले की तिने तो विषय पुन्हा काढला नाही. उरला पहिला सिनेमा. तिने बटण दाबले. खूप वाईट वाटले तिला. वाईट वाटल्याबरोबर सवयीने तिने तेही नोंदवून टाकले: 'अडचण क्रमांक पंधरा: मूळ प्रत गमावल्याचे दुःख. मात केली.'

मार्चमध्ये कॉलेजात विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. भिंतीवर पोस्टरे, एका कोपऱ्यात पडदा आणि खुर्च्या, टेबलांवर आत्मपरीक्षणाच्या जाडजूड वह्या, मध्ये पातळ सरबत आणि बिस्किटे. मिसेस ऑल्डरटन ब्रायनीच्या आईकडून केस सेट करून, अंत्यविधींना घालायचा आपला चांगला कोट घालून आल्या. बरोबर तीन मैत्रिणी होत्या. त्यांना पुढच्या रांगेत बसवून त्यांनी ब्रायनीचा, डेक्लनच्या हातचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.

"छान होता हो," त्या म्हणाल्या. "मी कुठे होते त्यात?"

"तुम्ही ह्यात नाही आहात, मिसेस ऑल्डरटन. तुम्ही वहीत आहात. सतराव्या पानावर."

त्यांनी चष्मा लावला. "अडचण क्रमांक चार," त्या सावकाश वाचू लागल्या. "वयोवृद्ध कलाकाराची निवड. ही मी का?"

"तसं लिहावं लागतं."

"मी काय अडचण केली गं? तू सांगितलंस तेवढंच बोलले. मांजरालासुद्धा दुपारी उपाशी ठेवलं होतं, हलू नये म्हणून."

"तुम्ही काहीच नाही केलंत. म्हणूनच."

"आणि इथे म्हटलंयस, मात केली. ती कशी केलीस?"

ब्रायनीने पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "तुम्हाला काढून टाकलं."

मिसेस ऑल्डरटननी ते पान पुन्हा एकदा वाचले. "अक्षर सुरेख आहे तुझं," त्या म्हणाल्या. "शाळेत होतीस तेव्हापासून. बरं, ते पहिलं दाखवतेस का ह्यांना? मीही पाहिलं नाहीये अजून. म्हटलं, सगळ्यांबरोबर बघू."

"पुसलं ते."

"सगळंच?"

"जागा नव्हती."

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. त्या गावात कुणाचे घर जळाले तरी हेच म्हणतात. मग त्यांनी मैत्रिणींना गोळा केले, कोटाची बटणे खालपासून वरपर्यंत लावली, आणि आता बस मिळेल ना, असे दारातल्या माणसाला विचारत त्या बाहेर पडल्या. ब्रायनी वही उघडी धरून तिथेच उभी राहिली. आपण या बाईला फसवले, हे तिला स्पष्ट कळले. तिने पेन काढले, टोपण उघडले, आणि सोळा हा आकडा लिहून थांबली. पुढे तिला काही लिहिता येईना. मिस्टर लॅथम मागून आले, त्यांनी तो आकडा पाहिला आणि हळूच म्हणाले, "मात केलीस असंही लिही हं. अर्धवट सोडलंस तर चाळिसाच्या वर देता येत नाहीत."

तिने ते लिहिले की नाही, हे वहीवरून कळते आणि वही मंडळाकडे आहे. मिसेस ऑल्डरटन हल्ली ब्रायनीला कुंपणावरून हात करतात, पण चहाला बोलवत नाहीत. ऑगस्टमध्ये निकाल लागला.

आता वाचकहो, एक प्रामाणिक उत्तर द्या. एका म्हाताऱ्या बाईने आयुष्यात एकदाच केलेले, आडदांड पोरांची गाळण उडवणारे काम कायमचे गेले, तिला स्वतःलाही ते पाहायला मिळाले नाही, हे सगळे तुम्ही मघाशी वाचलेत. हळहळलाही असाल. पण 'निकाल लागला' हे दोन शब्द दिसताच तुम्ही पुढची ओळ वाचायला जे घाईने आलात, ते कशासाठी? 'ए' मिळाली. पडला जीव भांड्यात?