आधी वाईट सांगणारा डिलेश्वर

मुलगी पाहायला गेलेला मुलगा काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोहे खातो, चमच्याकडे पाहतो आणि बोलायचं काम मामावर सोडतो. डिलेश्वर पटले पोह्यांची बशी बाजूला ठेवतो आणि समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीला म्हणतो, "मॅडम, मान वर करा जी. आधी वाईट मुद्दे सांगतो. चांगले मध्यस्थानं सांगितलेच असतीन."

आणि मग सांगतो. घरी म्हशी आहेत, शेण काढणारं यंत्र नाही. आई पहाटे चारला उठते आणि आपण उठलो हे घराला कळावं म्हणून बादल्या आपटते. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत मजूर बायांची शिदोरी डोक्यावर घेऊन शेतात, बांधीत जावं लागतं, कारण धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडी जात नाही. सुट्टी नाही. आजारी पडलात तर आधी तुम्हालाच विचारतील, आता स्वयंपाक कोण करणार. "अन् मी," शेवटी तो छातीवर हात ठेवतो, "मी झोपेत बडबडतो. इंग्रजीत."

मुलीकडचे हसतात. मग हसायचे थांबतात. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन येतो की मुलीला अजून शिकायचं आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात डिलेश्वरमुळे जितक्या मुलींना शिक्षणाची गोडी लागली, तितक्यांना कोणत्या सरकारी योजनेनं लागली नसेल.

हसून झालं असेल तर पुढचं ऐका. या नकारांची किंमत डिलेश्वर देत नव्हता, त्याची रेखा वहिनी देत होती. बालाघाटकडची, बी.ए. झालेली. लग्नात तिला शब्द दिला होता की शिकवू. शब्द देणारा डिलेश्वरचा मामा वारला, शब्दही त्याच्याबरोबर गेला. मग सासूनं घरात नियम करून टाकला: धाकटी सून आली का मोठी मोकळी. म्हणजे एक बाई बांधली की दुसरी सुटणार. मी या नियमावर एक अख्खं पत्रक लिहू शकते. पण वहिनीला पत्रक नको होतं, तिला बी.एड.ला जायचं होतं. आणि हा शहाणा दर खेपेला खरं बोलून तिची सुटका एकेक वर्ष पुढे ढकलत होता.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याला दीक्षा मिळाली होती.

आम्ही दोघं गोंदियातल्या एका कॉलेजात एम.बी.ए. करतो, मनुष्यबळ हा विषय घेऊन. डिलेश्वर वर्गात वयानं सर्वांत मोठा, कारण मध्ये काही वर्षं त्यानं शेती केली. जवळच्या कामठा गावाहून येतो. घरी पोवारी, बाजारात हिंदी, आमच्याशी झाडीबोली आणि सरांशी ती झोपेतली इंग्रजी. पहिल्या वर्षी सरांनी एक गोष्ट शिकवली: उमेदवाराला नोकरीची वाईट बाजू आधीच सांगावी. मग येतील ते कमी येतील, पण टिकतील. आम्ही हे पाच मार्कांपुरतं पाठ केलं. डिलेश्वर त्या तासाला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे साऱ्याले लागू आहे." सर म्हणाले, "बैठो." तो बसला, पण त्या दिवसापासून उरलेला अभ्यासक्रम त्याला या एका गोष्टीवरची तळटीप वाटतो.

शेअर ऑटोत बसायला कोणी आलं की ड्रायव्हर म्हणतो, "आओ, जगह है." मागून डिलेश्वर म्हणतो, "अर्धी आहे जी. अन् मांगं बोकड आहे. चप्पल वर घेऊन बसा." फुलचूरचे ऑटोवाले आता त्याला पाहून वेग वाढवतात. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजनं त्याला मदतकक्षात बसवलं. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, नोकरी लागते का. त्यानं सांगितलं, "लागते. पण पहिले सहा महिने माणसं भरती करता का विमा विकता, हे तुम्हाले बी समजत नाही." दुपारपर्यंत त्याला मदतकक्षातून उचलून ग्रंथालयात टाकलं होतं. तिथंही तो पुस्तक द्यायच्या आधी सांगायचा की शेवटची पानं गायब आहेत.

मी या विषयात शिरले ती रागानं. राइस मिलच्या गेटवर मी कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटत होते. आतून इस्त्रीच्या शर्टातला मनुष्यबळ अधिकारी आला, माझं पत्रक घेतलं, नीट चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आपका मुद्दा नोट कर लिया है." माझा असा संताप झाला की हे गोड बोलणं शिकवतात कुठे ते शोधत मी थेट या वर्गात आले. पहिल्याच दिवशी उठून सांगितलं की माणूस म्हणजे कोळसा नाही, त्याला साधनसंपत्ती म्हणू नका. मधल्या सुट्टीत डिलेश्वर आला. त्याच्या हातात माझंच पत्रक.

"नेताबाई, बरोबर लिहिलं. पण अर्धं लिहिलं."

"काय राहिलं?"

"लढ्यात सामील व्हा म्हणता. उन्हात उभं राहावं लागन, दिवसाची मजुरी बुडन, घरची माणसं बोलतीन, हे काऊन नाही लिहिलं?"

"असं लिहिलं तर येणार कोण?"

"जो येईन तो चार वाजता भजे खाऊन घरी तं नाही जाणार."

मी त्याला मालकाचा माणूस म्हटलं. तरी पुढच्या मोर्च्याला, भांडून भांडून, त्याची ओळ घातली. माणसं आली थोडी. पण संध्याकाळी गेटवर जितकी बसली होती तितकीच सकाळी आली होती, आणि आतल्या इस्त्रीच्या शर्टाला पहिल्यांदाच पत्रकाची घडी घालायला सुचेना. तेव्हापासून मी या माणसाशी भांडते, पण त्याचं ऐकते.

यंदा वहिनीचा बी.एड.ला नंबर लागला. गोंदियातच. प्रवेश घ्यायचा तर आठवडाभरात, नाहीतर जागा गेली. आणि त्याच आठवड्यात सालेकशाच्या पलीकडच्या एका गावातून स्थळ आलं. हेमलता बिसेन, सालेकशात एका दुकानात संगणकावर लोकांचे अर्ज भरून देणारी. आईनं डिलेश्वरला तंबी दिली, ती तो नेहमीच ऐकून सोडतो. पण या वेळी वहिनी बोलली. डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, एवढ्या खेपेला चूप राहा. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला तो आजारी माणसासारखा.

"नेताबाई, मी तोंड नाही उघडणार म्हणून कबूल केलं."

"मग?"

"मंग तू चाल. तू उघड."

"मी कोण म्हणून येऊ?"

"उमेदवाराच्या बाजूनं कामगार प्रतिनिधी."

कोणी सुजाण बाई याला नाही म्हणाली असती. मी नवी ओढणी घेतली.

बोलेरोत पुढे त्याचा मोठा भाऊ बसला. भला माणूस, म्हणजे कोणाच्याच बाजूनं बोलत नाही. मधे आई, वहिनी आणि मध्यस्थ, मागे आम्ही. वाटभर दोन्ही बाजूंना जंगल होतं आणि मी मनात बिनपगारी घरकामावरचं भाषण बांधत होते. काय भाषण होतं ते.

हेमलता आली, बसली. मान वरच होती. पोहे आले. ती सरळ डिलेश्वरला म्हणाली, "तुम्ही आधी वाईट सांगता म्हणे. आमच्या इकडंही ऐकू आलं. सांगा."

डिलेश्वरनं भरलेला चमचा तोंडात कोंबला आणि चावत राहिला.

आई म्हणाली, "काही वाईट नाही वो बाई. लोकं चिडवतात त्याले."

"म्हशी किती आहेत?"

डिलेश्वरनं दुसरा चमचा कोंबला आणि मला कोपर मारलं. मी तोंड उघडलं. भाषण जिभेवर होतं. तेवढ्यात सतरंजीच्या टोकाला बसलेली वहिनी दिसली. पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती, जणू तिलाच पुन्हा पाहायला आलेत. इकडे एक बाई, तिकडे एक बाई. मी ज्या कोणत्या शिबिरात शिकले, तिथं बाईच्या बाजूनं उभं राहा एवढंच सांगितलं होतं, कोणत्या बाईच्या ते नाही. मी तोंड मिटलं आणि पोहे घेतले.

हेमलता म्हणाली, "बरं, इतकं तरी सांगा. या जागेवर आधी कोण होतं? तिनं काम काऊन सोडलं?"

मध्यस्थाला खोकला आला. मोठ्या भावानं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"सोडलं नाही," वहिनी म्हणाली. "मीच आहो अजून."

आवाज इतका साधा होता की क्षणभर कोणाला कळलंच नाही की घरची मोठी सून बोलते आहे.

"शिकवतो म्हणाले होते मले. खोटं नव्हते बोलत, बाई. त्यांले तसंच वाटत होतं. कामातून उरलंच नाही काही. म्हशी सहा आहेत. पहाटेचा चहा, मंग म्हशीचा कोठा, मंग बोरिंगचं पाणी, मंग चूल, अन् रोवण्यात बांधी. सासू मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त कोणी विचारत नाही. तुम्ही आल्या तं मी सुटन, माझा नंबर लागला कॉलेजात. म्हणून हे भाऊजी आज चूप आहेत. मीच चूप राहा म्हटलं."

"सूनबाई," आई म्हणाली.

"झालं जी माझं."

हेमलतानं आपल्या पुढचा चहाचा कप उचलून वहिनीपुढे सरकवला. होकार नाही, नकार नाही. आम्ही उठलो.

आमगाव येईपर्यंत आई बोलत होती. आमगावानंतर रडत होती. तिचंही खोटं नव्हतं, गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसवत नाही, आणि तिला कधी कोणी मोकळं केलं नव्हतं. वहिनी खिडकीबाहेर पाहत होती. डिलेश्वर मागे माझ्याशेजारी बोटांवर काहीतरी मोजत होता. मग तो पुढे वाकला.

"माय, जागा बाहेरून भराची कायले? अंतर्गत भरती करू."

"म्हणजे काय गा?"

"म्हणजे मी. सोमवारपासून कोठा माझा, चूल माझी. वहिनी कॉलेजले जाईन."

"लोकं थुंकतीन."

"थुंकू दे. पुसाचं काम बी माझंच."

पुढच्या सीटवरून, वळून न पाहता, मोठा भाऊ म्हणाला, "अन् मी?"

गाडीतला प्रत्येक माणूस त्याच्याकडे पाहायला लागला. ड्रायव्हरसुद्धा.

"तुमची निवड झाली, दादा," डिलेश्वर म्हणाला. "मुलाखत नाही घेत."

तर अशी झाली भरती. सोमवारी वहिनी दप्तर घेऊन कामठ्याच्या स्टँडवर उभी होती, आणि शेजारच्या बाया तिला सोडून डिलेश्वरला पाहायला कोठ्याशी जमल्या होत्या. एक म्हणाली, "शेण तं बरं काढते वो." दुसरी म्हणाली, "दोन दिवस काढन." आईनं पहिल्या दिवशी त्याच्या हातचा भात खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली, याला त्यानं कामाचं पहिलं मूल्यमापन मानलं. मोठा भाऊ म्हशी धुतो आणि अजूनही बोलत नाही, पण आता ते म्हशींना चालतं.

माझ्या अंगात वीज संचारली होती. मी म्हटलं यावर पत्रक काढू, गावोगाव वाटू, प्रत्येक घरात असा एक डिलेश्वर उभा करू. तो म्हणाला, "हप्ता झाला नाही अन् पत्रक. म्हशीनं लाथ मारली ते लिहशील? पोळी गोल होत नाही ते? रोवण्यापर्यंत टिकलो तं मंग ये." मी चिडले. माझ्यापुढे क्रांती होते आहे आणि क्रांती करणारा मला थांब म्हणतो आहे.

काल तो कॉलेजात उशिरा आला. बोटं हळदीनं पिवळी, मनगटावर तव्याचा चटका. कँटीनच्या मागच्या बाकावर बसला आणि फोन माझ्यासमोर धरला. हेमलताचा निरोप होता. एकच ओळ: जागा भरली का?

"काय लिहू?"

"खरं ते लिही. भरली."

"मंग तिले वाटन का नको म्हणतो."

"नको म्हणतोस का?"

तो नखातली हळद काढत राहिला. "नेताबाई, तिच्यासाठी कामच नाही ठेवलं मी. मंग बोलवावं कायले, हे लिहाले जमून नाही राहिलं. दोन वर्षांच्या अभ्यासात कुठंच नाही हे."

शेजारच्या बाकावरची पोरं कंपनी कोणती येणार यावर भांडत होती.

"सारे जेवून जातात," तो म्हणाला. "मी भांडे आवरून बसतो तवा चुलीपाशी कोणी नसते. वहिनी इतके वर्षं तशीच जेवत होती, मले आता समजलं. तं समोर कोणी बसलं असतं तं बरं वाटलं असतं. वाढाले नाही. असंच, बोलाले. इतकंच आहे माझ्याजवळ."

"हेच लिही ना मग."

त्यानं लिहिलं. इंग्रजीत नाही, एकेक अक्षर शोधत मराठीत. पाठवलं, फोन बाकावर उलटा ठेवला आणि मला विचारलं, सकाळच्या तासाला सरांनी काय शिकवलं.

मी सांगायला लागले. तो माझ्याकडे बघत मान हलवत होता आणि एक शब्दही ऐकत नव्हता.