न आलेल्या प्रेक्षकाचं बाहेर पडणं

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक विनंती येते : कृपया आपला मोबाइल बंद करा. ही विनंती पाळायची असते, असा माझा समज होता. असा समज करून घेणारा त्या थिएटरातला मी पहिलाच प्रेक्षक, हे मला नंतर लेखी कळवण्यात आलं.

त्या दिवशी पाच वाजता शाळेत चिंगीचं, म्हणजे आमच्या मुलीचं, नाटक होतं. त्यात ती रस्त्यावरचा दिवा झाली होती. दिव्याने छत्तीस मिनिटं अजिबात हलायचं नाही आणि शेवटी "चला, आता सगळे घरी जा" एवढं म्हणायचं, की नाटक संपलं. सकाळी तिने मला बजावलं होतं, "बाबा, तू पहिल्या रांगेत बस. तुझं तोंड दिसलं की मला वाक्य आठवतं." माझ्या तोंडाचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता. मला अगदी भरून आलं. शाळा जवळच होती आणि दुपार मोकळी होती, म्हणून मी आणि बायको एकच्या खेळाला जाऊन बसलो.

सिनेमा छान होता. एक म्हातारा घड्याळजी हरवलेल्या भावाला गावोगाव शोधतो आणि शेवटी तो शेजारच्याच इमारतीत सापडतो. मी दोनदा रडलो. बाकीचं थिएटर आपापल्या मोबाइलच्या उजेडात शांत बसलं होतं. बायको तिच्या बहिणीला उशांच्या अभ्र्यांबद्दल काहीतरी सविस्तर लिहीत होती.

चार वाजता सिनेमा सुटला. बाहेर पडायच्या वाटेवर लोखंडी फिरतं फाटक होतं. मोबाइल दाखवला की ते एकेकाला बाहेर सोडायचं. बायकोला सोडलं. मला पाहून ते जागचं हललं नाही.

फाटकावरच्या माणसाने समोरच्या यंत्रात पाहिलं आणि आदराने म्हणाला, "साहेब, तुम्ही आलाच नाहीत."

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"तो वेगळा मुद्दा. आमच्याकडे प्रेक्षक म्हणजे चालू फोन. तुमचा फोन एक वाजून चार मिनिटांनी बंद पडलाय, म्हणजे तुम्ही गैरहजर. आणि जो आत आलाच नाही, त्याला बाहेर कसं सोडायचं?"

"अहो, येताना तुम्हीच माझं तिकीट तपासलंत!"

"तिकीट आलं होतं, ते मी नाकारत नाही."

मी घाईघाईने फोन चालू केला. लगेच संदेश आला : 'आपले स्वागत आहे. खेळ सुरू होऊन तीन तास झाले असल्याने आपणास प्रवेश देता येत नाही.'

"अहो, उडी मारा ना सरळ," बायको पलीकडून म्हणाली.

"ताई, तसं नका सांगू," फाटकावरचा माणूस काळजीने म्हणाला. "मग न आलेला माणूस पळून गेला, अशी नोंद होते. त्याचा निकाल लागायला वर्ष जातं."

"मी पुढे होते. पोरीला रंग लावायचाय. पाचच्या आत या हं, नाहीतर ती तोंड उघडायची नाही," असं म्हणून बायको गेली.

मला मॅनेजरसमोर नेण्यात आलं. मॅनेजर सज्जन होते. त्यांनी मला 'अनुपस्थित प्रेक्षक निर्गमन अर्ज' दिला. त्यातला पहिलाच रकाना होता : आपण न येण्याचे कारण. मी लिहिलं, 'आलो होतो.' मॅनेजरांनी ते खोडलं आणि म्हणाले, "भांडखोर भाषा नको. तुम्हाला कोणी पाहिलं असेल, तर त्याला आणा."

पुढच्या खेळासाठी थांबलेले बरेच लोक बाहेरच्या दालनात बसले होते. त्यांतले काही सकाळपासून एकामागून एक खेळ बघत होते, कारण तिथे फोन चार्ज करायची सोय चांगली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ त्यांच्यातच सापडले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "डावीकडे कोणीतरी होतं खरं," ते म्हणाले, "मधूनमधून नाक ओढत होतं. पण तोंड बघायला मान वर कोण करतो?"

नाक ओढणं हा पुरावा धरता येत नाही, असं मॅनेजर म्हणाले. घड्याळात साडेचार झाले होते. मी अक्षरशः हात जोडले. "साहेब, मी तुम्हाला सिनेमाची गोष्ट सांगतो. सगळी. मग तर पटेल?"

मी घड्याळजीची गोष्ट सांगितली. सांगताना तिसऱ्यांदा रडलो. मॅनेजर विचारात पडले. "गोष्ट बरी वाटते," ते म्हणाले, "पण हीच होती कशावरून? मी काही सिनेमा पाहिलेला नाही. आपण जाणकारांना विचारू."

जाणकारांमध्ये मतभेद होते. एक बाई म्हणाल्या, सिनेमाभर एक मुलगी केक सजवत होती. एका आजोबांच्या मते तो गुडघेदुखीवरचा माहितीपट होता. बाकीच्यांनी मात्र एकमुखाने सांगितलं, की सिनेमा मॅचवर होता आणि शेवटच्या चेंडूवर षटकार बसला. मॅनेजरांनी रीतसर हात वर करायला लावले. मॅच एकतीस, केक एक, गुडघा एक, घड्याळजी शून्य. मलाही मत होतं, पण न आलेल्या माणसाला ते देता येत नव्हतं.

"आता बोला," मॅनेजर म्हणाले, "काय पाहिलंत तुम्ही?"

पाचला बारा मिनिटं कमी होती. मला रंग फासून उभी असलेली चिंगी दिसू लागली.

"षटकार," मी म्हणालो. "काय सुंदर षटकार होता हो!"

पाठीवर थाप पडली. 'यापुढे कोणत्याही कार्यक्रमात फोन बंद ठेवणार नाही' अशा हमीपत्रावर सही झाली. फाटक फिरलं आणि मी धावत सुटलो.

शाळेच्या सभागृहाच्या दारावर पाटी होती : 'पालकांची हजेरी त्यांनी केलेल्या चित्रीकरणावरून घेतली जाईल.' मी शहाणा झालो होतो. पहिल्या रांगेत बसलो, फोन तोंडासमोर धरला आणि पडदा वर गेल्यापासून तो तसूभर हलू दिला नाही. डावीउजवीकडे सगळेच तसे बसले होते. दिवा पूर्ण छत्तीस मिनिटं आमच्या रांगेवरून नजर फिरवत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा उलट.

शेवटी वाक्याची वेळ आली. दिवा काही बोलला नाही. बाईंनी आतून दोनदा हळूच वाक्य सांगितलं, तरी नाही. मग पडदा पाडला. नाटक संपलं नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे आपापलं चित्रीकरण जतन करण्यात गुंतले होते.

घरी येताना चिंगी म्हणाली, "बाबा, तू का नाही आलास?"

"आलो होतो गं! हा बघ पुरावा," मी म्हणालो आणि तिच्यासमोर फोन धरला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरचा पिवळा रंग हनुवटीपर्यंत ओघळला. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की तिला बरं वाटावं म्हणून ते पूर्ण छत्तीस मिनिटांचं चित्रीकरण मी तिथल्या तिथे सगळ्या ओळखीच्यांना पाठवून दिलं.

पहिल्या दोन मिनिटांत 'अप्रतिम काम, डोळे पाणावले' अशी चाळीस उत्तरं आली. त्यातलं एक तुमचं होतं.