एका वेळी एकच पान

ओमानमधल्या सोहारच्या खोलीत शुक्रवारचं जेवण आटोपलं आणि गणपतीला घरी कोण जाणार हे ठरवायला जनार्दन आणि एकनाथ पत्ते घेऊन समोरासमोर बसले. मेंटेनन्समधून एकच माणूस सोडणार, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. पैसे लावून खेळायची या देशात बंदी होती, पण रजा लावू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

एकनाथ गेल्या वर्षीच जाऊन आला होता. जनार्दन इकडे आला तेव्हा रेवा आईच्या पोटात होती, आणि आता तिला तिसरं सरत होतं. मधली एक रजा प्लँटच्या शटडाउनने खाल्ली. रेवाला बाप माहीत होता तो फोटोतला, कंपनीची निळी टोपी घातलेला.

पंच म्हणून रामकृष्ण अण्णा बसले. ते मेंटेनन्सचंच स्टोअर सांभाळत. त्याआधी तीन वर्षं त्यांनी गोव्याच्या एका जुगाराच्या बोटीवर पत्ते वाटणाऱ्यांना चहा दिला होता, आणि चहा देता देता तिथले सगळे नियम पाठ केले होते.

रमीचा पहिला डाव जनार्दनला लागला. त्याने पानं खाली मांडली. अण्णांनी दोन्ही कॅट गोळा करून मोजले. एकशे चारऐवजी एकशे तीन पानं भरली.

"डाव रद्द," अण्णा म्हणाले.

"अण्णा, लागलेली रमी हाय ती."

"पानं पुरी नसतील तर डाव झालाच नाही. बोटीवर असंच होतं."

किलवरची तिर्री सापडली ती खिडकीतल्या एसीखाली. एसी खडखडतो म्हणून जनार्दननेच ती गेल्या महिन्यात चार घड्या घालून तिथे खुपसली होती. एसी दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. घडीचं पान पाठीवरून ओळखू येतं म्हणून अण्णांनी ते बाद केलं. जुन्या तिसऱ्या कॅटमधली तिर्री घेतली तर तिची पाठ निळी, बाकी सगळ्या लाल. एकनाथ खाली दुकानात जाऊन आला. तिथे एकच कॅट होता आणि अण्णांच्या मते दोन्ही कॅट एकाच कंपनीचे हवेत.

शेवटी तोड जनार्दननेच काढली. एसीवर पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहायला कंपनीने दिलेले स्टिकर त्याच्या बॅगेत होते. तासभर बसून त्याने निळ्या तिर्रीसकट एकशे चार पानांच्या पाठी सारख्या करून टाकल्या. अण्णांनी प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं आणि प्रथमच मान डोलावली.

आता कॅट एवढा जाड झाला होता की पिसायला चार हात लागले. खडखडतो म्हणून एसी बंद ठेवला होता, आणि घामाने स्टिकरच्या कडा सुटून डिंक बाहेर येत होता. जनार्दनला एकच पान हवं होतं, बदामची नव्वी. त्याने वरचं पान उचललं. त्याला चिकटून खालचंही आलं, आणि ते खालचं पान बदामची नव्वी होतं.

जनार्दनने ते परत ठेवायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"एका वेळी एकच पान," अण्णा म्हणाले. "हात बाद. एकनाथ जिंकला."

जनार्दन उठला, किलवरची तिर्री पुन्हा एसीखाली खुपसली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरून बायकोने, शीलाने, दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

रविवारी एकनाथ अर्ज घेऊन ऑफिसात गेला आणि पाच मिनिटांत तसाच परत आला. ती एक रजा कधीच दिली गेली होती. रामकृष्ण अण्णांना.

"दोन वर्षं भरली की सहा महिने आधी अर्ज टाकायचा, असं पत्रकात आहे," अण्णा म्हणाले. "मी जानेवारीतच टाकला."

"मग तुमच्या घरी गणपती असतो काय?" एकनाथ म्हणाला.

"नाही."

"मग परवा गप्प का बसलात?" जनार्दनने विचारलं.

"तुम्ही मला खेळाचे नियम विचारलेत. रजेचे कुठे विचारलेत?"

आठ दिवसांनी जनार्दनने रेवासाठी घेतलेली बाहुली आणि खजुराचं खोकं अण्णांच्याच हवाली केलं. अण्णा खेडचे, जनार्दनचं चिपळूण त्यांना जवळ. त्यांनी खोकं दोनदा वजन करून घेतलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. नेहमीचा करडा आवाज त्यांना काढता येत नव्हता.

"जनार्दन, मी तुझ्या घरी आहे. उन्हाचं म्हणून कंपनीची टोपी घालून आलो. तर पोरगी धावत येऊन मांडीवर चढली. बाबा म्हणते मला. शीलाने सांगितलं, मी सांगितलं. उतरत नाही."

जनार्दन एसीच्या शिडीवर उभा होता. मागून रेवाचा आवाज ऐकू येत होता, आणि ती हाक त्याची होती, पण त्याला मारलेली नव्हती.

"अण्णा, याला बोटीवर काय करतात?"



"चुकीचं पान लागलं," अण्णा म्हणाले. "डाव रद्द. मी परत येतो आणि तुझा अर्ज मीच भरतो."

"कधीची रजा?"

"सहा महिने आधी टाकायचा ना," अण्णा म्हणाले. "म्हणजे शिमग्याची."